'चेक' : एवढासा शब्द, इतके अर्थ कुठून आले?

परसदार
नमस्कार मंडळी. आई सध्या आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे. गेल्या शनिवारी तिला घेऊन बाहेर जेवायला गेलो. कडाक्याची थंडी होती. दारातच एका मुलीने आमचे कोट घेतले आणि हातात पितळेचा नंबराचा बिल्ला दिला. वर पाटी होती, 'कोट चेक'. जेवण झाल्यावर मी वाढप्याकडे 'चेक' मागितला, तर आई म्हणाली, "अगं, इथे जेवणाचे पैसे चेकने देतात?" मी सांगितलं की इथे बिलालाच चेक म्हणतात. घरी आलो तर लेकाच्या शाळेचा फॉर्म भरायचा होता. त्यात लिहिलेलं, 'चेक द बॉक्स', म्हणजे चौकटीत बरोबरची खूण करा. आणि लेकाच्या अंगात होता चेक्सचा शर्ट.

आई पस्तीस वर्षं मराठी शिकवत होती. तिने वहीच काढली. तपासणे, रोखणे, बँकेचा कागद, हॉटेलचं बिल, बरोबरची खूण, सामानाचा बिल्ला, चौकड्याचं कापड आणि बुद्धिबळातला शह. आठ झाले. मग तिने विचारलं, "ही सगळी एका आईची लेकरं, की नुसती नावं सारखी?"

मला सांगता आलं नाही. इथे भाषेतली जाणती माणसं आहेत म्हणून विचारते.

अर्धविराम
छान प्रश्न. माझा अंदाज, किमान तीन वेगळे शब्द असावेत. कापडाचा आणि बँकेचा काय संबंध? आपल्याकडेही 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी पट्टी. उच्चार एक, कुळं वेगळी.

उंटाची_तिरकी_चाल
अर्धविराम, इथे मात्र सगळी एकाच घरातली आहेत. आणि परसदार, तुमच्या आईने यादीत जो अर्थ शेवटी लिहिला तोच सगळ्यात आधीचा आहे.

इंग्रजी 'चेक' म्हणजे मुळात बुद्धिबळातला शह. आणि शह म्हणजे फारसी 'शाह', राजा. राजावर हल्ला झाला की इराणात 'शाह!' असं म्हणून समोरच्याला सावध करत. अरबांनी हा खेळ इराणकडून घेतला, युरोपने अरबांकडून. 'शाह'चं मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्रजीत येईपर्यंत पुढचा 'ए' गळून 'चेक' उरला. इंग्रजीत तो साधारण १३०० च्या सुमारास दिसतो. 'एशेक'चं अनेकवचन 'एशे', त्याचंच इंग्रजी 'चेस'. म्हणजे खेळाचं नाव आणि त्यातली आरोळी, दोन्ही एकाच शब्दातून.

'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. अरबीत 'मात' म्हणजे मेला, म्हणून बरेच जण 'राजा मेला' असा अर्थ सांगतात. पण फारसीतला 'मात' म्हणजे हतबल झालेला, मार्ग खुंटलेला. मला हाच अर्थ पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला जायला जागा उरत नाही, एवढंच.

मधुमालती
अय्या, म्हणजे आपण मराठीत 'अडचणींवर मात केली' म्हणतो ती हीच मात?

उंटाची_तिरकी_चाल
हो, तीच. 'शह देणे', 'शह-काटशह', 'मात करणे' हे सगळं पटावरून उठून आपल्या बोलण्यात आलं. संतवाङ्मयात 'मात' म्हणजे गोष्ट, हकीकत असाही शब्द भेटतो. तो मात्र वेगळा.

मी सांगलीत वाढलो. तिथे भाऊसाहेब पडसलगीकरांमुळे गल्लोगल्ली पट मांडलेले असायचे. आमचे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि राजाला एकदा घोड्याची चाल करता यायची, मात्र तोवर त्याला शह बसलेला नसावा. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. आजोबा प्यादेमात करायला जिंकलेला डाव तासभर लांबवायचे. मी रडकुंडीला यायचो. आज ते आठवतात तेव्हा शह देतानाचा त्यांचा आवाज आधी कानात येतो.

घाटमाथा
मग शाहू, शहाजी ही नावंही याच 'शाह'वरून! म्हणजे इंग्रजांचा चेक आणि आमचे महाराज एकाच शब्दाचे. भारीच.

दप्तरी
घाटमाथा, जरा थांबा. शहाजीराजांच्या बाबतीत बरोबर आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. त्या 'शाह'ला फारसी शाह म्हणायला हरकत नाही.

शाहूंचं नाव मात्र 'साव'कडे जातं. औरंगजेबाने या राजपुत्राला 'साव' म्हटलं आणि त्याचं शाहू झालं, ही आख्यायिका बखरींच्या वळणाची आहे. पण शब्दाची वाट तीच, संस्कृत 'साधु', प्राकृत 'साहु', मग 'साव', 'साहू', 'शाह'. गुजराती व्यापाऱ्यांचं शाह आडनावही याच घरातलं. सावकार त्यातलाच. इराणचा शाह आणि पेढीवरचा शाह दिसायला सारखे, पण त्यांचं गोत्र वेगळं. अर्धविराम यांनी 'कर'चं जे सांगितलं ते इथे खरं लागू पडतं.

अर्धविराम
चला, थोडा तरी बरोबर निघालो! पण माझी मूळ शंका आहेच. शहापासून तपासणीपर्यंत आणि तिथून बँकेपर्यंत शब्द गेला कसा? राजा कुठे, रोखपाल कुठे?

निवृत्त_रोखपाल
हे मी सांगतो. छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसलो आहे आणि या शब्दाचा पाठपुरावा फावल्या वेळात बराच केला आहे.

शह बसला की चालू डाव थांबतो. मनात काहीही असो, आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून 'चेक' म्हणजे अचानक बसलेला आळा. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत हा अर्थ आहे. आळ्यावरून आला अंकुश. अमेरिकेच्या राज्यघटनेबद्दल बोलताना ज्यांना 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात ते हेच, म्हणजे एका सत्तेने दुसरीला घातलेले आळे. चुकीला, लबाडीला आळा बसावा म्हणून हिशेब ताडून पाहायचा, म्हणून चेक म्हणजे तपासणी. हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. आज आपण दिवसातून वीस वेळा 'चेक करतो' म्हणतो, तो अर्थ कुटुंबात बराच धाकटा आहे.

आता बँक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणजे पैशाचा कागद नव्हे, तर त्याची स्थळप्रत. कागदाचा एक तुकडा देणाऱ्याकडे राहायचा आणि दुसरा परत आला की दोन्ही जुळवून बघायचे. खोट्या कागदाला त्यामुळे आळा बसे. पुढे स्थळप्रतीचं नाव कागदालाच चिकटलं. पैसे देण्याची तशी चिठ्ठी मात्र नावाच्या आधीची आहे. इंग्लंडमध्ये १६५९ सालची, ४०० पौंडांची एक चिठ्ठी अजून जपलेली आहे.

परसदार, तुमच्या आईंना सांगा की कोट ठेवून मिळालेला पितळेचा बिल्ला आणि आमच्या वेळी बँकेत मिळायचं ते पितळी टोकन, दोन्हींचं काम एकच. खातेदार चेक द्यायचा, आम्ही मागे टोकन नंबर लिहायचो, टोकन त्याच्या हातात. रोखपालाने नंबर पुकारला की टोकन परत, नोटा बाहेर. ज्या दोन वस्तू जुळवून खात्री करायची त्यातली एक म्हणजे 'चेक'. सामानाचा, कोटाचा, हॉटेलातल्या बिलाचा अर्थ या जुळवाजुळवीतून आलेला आहे. ताडून झालं की कागदावर खूण करायची, तीही 'चेक'.

एकदा एक आजी टोकन हरवून रडायला लागल्या. पेन्शनचे पैसे होते. मी त्यांना अनेक वर्षं ओळखत होतो, तरी टोकनाशिवाय पैसे देता येईनात. अर्ज, जामीन, साहेबांची सही. दीड तास गेला. त्या दिवशी मला नियमाचा राग आला होता. पण त्याच महिन्यात दुसऱ्याच कोणाच्या टोकनावर पैसे न्यायला आलेला एक जण पकडला, तेव्हा तो नियम कशासाठी आहे ते कळलं.

मधुमालती
रोखपाल काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. पण मग इंग्रजीत आपल्याकडे चेकच्या शेवटी 'क्यू-यू-ई' का? आमच्या बाई त्यावरून खूप ओरडायच्या.

निवृत्त_रोखपाल
ते स्पेलिंग 'एक्सचेकर'च्या प्रभावाने आलं. एक्सचेकर म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना. ब्रिटिशांनी आपल्याकडे तेच आणलं, अमेरिकेने जुनं साधं स्पेलिंग ठेवलं. एक्सचेकरची गोष्ट उंटरावांनी सांगावी, त्यात पट आहे.

उंटाची_तिरकी_चाल
काका, आनंदाने. या सगळ्या कुळात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. परगण्यापरगण्याचे शेरीफ वसूल घेऊन वर्षातून दोनदा हिशेबाला येत. आकडे रोमन, त्यात शून्य नाही. त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून बघा, म्हणजे हाल कळतील. म्हणून दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. कडेने चार बोटं उंच काठ, सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून. त्यावर काळं कापड अंथरायचं आणि त्या कापडावर सुमारे वीतभर अंतराने रेघा. एक रकाना पेन्सचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, मग विसांचा, शंभरांचा, हजारांचा. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला आलेलं. सोंगट्या मांडायच्या आणि उचलायच्या. शेरीफला लिहिता-वाचता येत नसलं तरी डोळ्यांसमोर हिशेब दिसायचा.

ते चौकटीचं कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून त्या कचेरीला 'एक्सचेकर' म्हणजे 'पट' हेच नाव पडलं. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीवर पुस्तक लिहायला घेतलं. त्यात तो नावाची दोन कारणं सांगतो. एक, दिसायला पट. दुसरं, जशी पटावर दोन सैन्यांची लढाई तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. म्हणजे त्याच्या पदाच्या नावात इराणचा शाह बसला आहे.

दप्तरी
उत्तम. याला जोड म्हणून, पावती कशी देत ते सांगतो. लाकडाच्या काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांना तळव्याच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याची, विसाला करंगळीची, एका पौंडाला सातूच्या भरल्या दाण्याची. आपल्या अंगुळ आणि जव या मापांची आठवण होते. मग काठी उभी चिरायची, अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. पुढे दोन्ही जोडल्या की खाचा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. रोखपाल म्हणतात त्या जुळवाजुळवीचा हा मूळपुरुष. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. १८३४ मध्ये साठलेल्या त्या काठ्या संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्यात वेस्टमिन्स्टरचा राजवाडाच पेटला. जुनं दप्तर जाळू नये असं मी उगाच म्हणत नाही.

घाटमाथा
आमच्या आजीकडे दुधाचा रतीब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेला असायचा. गवळी त्याच्या घरी वेगळ्या रेघा मारायचा. महिनाअखेर दोघं रेघा मोजायचे. एक रेघ कमी-जास्त निघाली की जी जुंपायची! एक्सचेकरच होता तो.

कोष्टी
इचलकरंजीहून. कापडाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे चेक्सला चौकडा म्हणतात, आणि तो छापलेला नसतो, विणलेला असतो. ताणा उभा, बाणा आडवा. दोन्हींत रंगीत सूत ठरावीक हिशेबाने घालायचं. समजा, ताण्यात बारा तार पांढरे, बारा निळे, तर बाण्यातही तसेच. निळ्यावर निळा आला की गडद घर, पांढऱ्यावर पांढरा आला की पांढरं, आणि मिसळ झाली की मधला फिका रंग. म्हणून नीट बघा, साध्या चेक्समध्ये दोन नाही, तीन रंगछटा दिसतात. बाण्याचे तार चुकले की घर चौकोनी न राहता लांबट होतं आणि माल परत येतो. माझे वडील भिंग लावून तार मोजायचे. म्हणजे चेक्स चेक करायचे!

हा चेक पण पटावरूनच आला का?

उंटाची_तिरकी_चाल
हो कोष्टीभाऊ. पटाला इंग्रजीत 'चेकर' म्हणत, पटासारखं कापड ते 'चेकर्ड', त्याचं आखूड रूप 'चेक'. एक्सचेकरच्या टेबलाचं कापड आणि तुमच्या मागावरचं कापड मावसभावंडं. तीन छटांचं मला माहीत नव्हतं. आत्ता स्वतःचा शर्ट खिडकीत नेऊन पाहिला. खरंच तीन आहेत.

अर्धविराम
मी पूर्ण शरण. आता विरोध नाही, नुसती भर. स्पॅनिशमध्ये खेळाला 'आहेद्रेस' म्हणतात. तो शब्द अरबी 'अश्-शतरंज'वरून, शतरंज आपल्या 'चतुरंग'वरून. म्हणजे हत्ती, घोडे, रथ, पायदळ. जर्मन 'शाख' आणि इटालियन 'स्काकी' राजावरून. स्पेनने सैन्याचं नाव ठेवलं, या दोघांनी राजाचं. पण शह द्यायची वेळ आली की स्पॅनिशमध्येही 'हाके', म्हणजे पुन्हा शाहच.

प्रागचा_पाहुणा
कामानिमित्त दोन वर्षं प्रागमध्ये आहे. घरी फोन केला की धाकटा भाऊ विचारतो, "चेकमध्ये चेक चालतो का?" हा देश तरी या कुटुंबातला आहे का?

दप्तरी
नाही. ते लोक स्वतःला 'चेख' म्हणवतात, त्याच नावाच्या दंतकथेतल्या मूळपुरुषावरून. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.

मधुमालती
एक विचारू? हिंदी बातम्यांत 'किसकी शह पर' असं ऐकते. तिथे अर्थ उलटाच लागतो.

दप्तरी
बरोबर पकडलंत. हिंदीत 'शह देना' म्हणजे फूस देणे, पाठीशी उभं राहणे. मराठीत शह म्हणजे अडवणे. हिंदीवरून घाईत केलेल्या मराठी बातमीत 'अमक्याच्या शहावर गुंडगिरी' असं छापलेलं मी वाचलं आहे. मराठी वाचकाला त्यातून काही कळत नाही. तिथे 'फूस' किंवा 'आशीर्वाद' हवं.

उंटाची_तिरकी_चाल
आता अजून मागे नेतो, मग थांबतो. फारसी 'शाह'चं जुनं रूप 'ख्शायथिय'. बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहुने, म्हणजे पहिल्या डरायसने, इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखात तो स्वतःला 'ख्शायथिय ख्शायथियानाम्' म्हणवतो, राजांचा राजा. शहेनशाह हा त्याचाच वंशज. आणि 'ख्शाय' हा धातू संस्कृतात 'क्षि' म्हणजे सत्ता गाजवणे, त्यावरून 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय'. इराणी प्रांताधिपती 'क्षत्रप' त्याच मुळाचा.

नाशिककरांनी पांडवलेण्यांत जाऊन पाहावं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख तिथे भिंतीवर आहे. त्यातला 'क्षत्रप' आणि हॉटेलवाल्याने आणून दिलेला 'चेक' हे लांबचे भाऊ.

नाशिकचा_मळा
लेण्यांपासून दहा मिनिटांवर राहतो, शंभरदा चढलो असेन. लेख वाचता येत नाही, पण आता मुलीला तो शब्द दाखवायला रविवारी पुन्हा चढणार. कोणत्या लेण्यात आहे?

दप्तरी
दहा क्रमांकाच्या. ओसरीच्या भिंतीवर वर लांबलचक ओळी आहेत. सकाळी जा.

निवृत्त_रोखपाल
पुन्हा बँकेकडे. कोणीतरी 'शहाजोग' शब्द आणेल अशी वाट बघत होतो. हुंडीच्या काळात 'शाहजोग हुंडी' असे, म्हणजे पत असलेल्या शाहालाच, सावालाच, पैसे द्यायचे. वाटेत चोराच्या हाती लागली तरी त्याला ती वटवता येऊ नये. आजचा रेघा मारलेला चेक साधारण तेच काम करतो. पुढे 'शहाजोग'चा अर्थ घसरून सावपणाचा आव आणणारा असा झाला. दप्तरींचं मान्य, हा पेढीवरचा शाह, इराणचा नव्हे. पण एकाच्या नावाने हुंडी निघाली, दुसऱ्याच्या नावाने चेक, आणि दोघं माझ्या काउंटरवर भेटले याचं मला फार अप्रूप वाटतं.

परसदार
सगळ्यांचे किती आभार मानू? आईला दोन संध्याकाळी बसून सगळा धागा वाचून दाखवला. तिने वहीत वंशावळ काढली आहे. वर 'ख्शायथिय', खाली शाह, मग शह आणि चेक, चेकखाली आठ फांद्या. कापडाच्या फांदीवर कोष्टीभाऊंच्या तीन छटा पेन्सिलीने भरल्या आहेत. सातूच्या दाण्याएवढ्या खाचेची गोष्ट तिने तीनदा वाचायला लावली. काल नातवाला तिने बुद्धिबळ शिकवायला घेतलं. तो शाळेत शिकल्याप्रमाणे "चेक" म्हणाला, तर ती म्हणाली, "माझ्याशी खेळताना शह म्हणायचं." आता तो म्हणतो. उंटाला अजून 'बिशप' म्हणतो.

तिचा आणखी एक प्रश्न आहे. हॉटेलात जे मागायचं ते इथे 'चेक', आपल्याकडे 'बिल'. मग 'बिल' कुठून आलं?

निवृत्त_रोखपाल
लॅटिन 'बुल्ला' म्हणजे कागदावरची मोहोर, त्यावरून. आईंना म्हणावं वहीचं पान उलटा आणि नवा धागा काढा, मी येतोच.